युनगांग ते गोंगशियान: टाकीच्या खुणांवरून वाचलेली लेणी

पहिला दिवस: बीजिंग ते दातोंग

बीजिंगहून दातोंगला जलद रेल्वेने साधारण दोन तास लागतात. उत्तर वेई घराण्याच्या काळातली चीनमधली बौद्ध लेणी पाहायची तर सुरुवात इथून करावी, लुओयांगहून नको. इ.स. ३९८ ते ४९४ या काळात वेईंची राजधानी दातोंगच्या जागी होती आणि तिचे नाव पिंगछंग. राजधानी दक्षिणेला लुओयांगला हलली तेव्हा दरबार, भिक्षू, दाते आणि पाथरवट सगळेच तिकडे गेले. आधी दातोंगजवळची युनगांग लेणी पाहिली की लुओयांगजवळच्या लोंगमेनला गेल्यावर काय बदलले आणि का बदलले ते पटकन लक्षात येते. उलट क्रमाने गेलात तर युनगांगचे बुद्ध उगाच ओबडधोबड वाटतात.

दुपार संग्रहालयात घालवावी. सीमा जिनलोंग हा वेई दरबारातला सरदार, त्याचे थडगे ४८४ सालचे. त्यातल्या दगडी खांबांच्या तळखड्या पाहण्यासारख्या आहेत: बारीक कणांचा करडा वालुकाश्म, जेमतेम वीतदीड वीत रुंदी, तेवढ्यात नाग, डोंगर, वेलबुट्टी आणि कोपऱ्यांवर वादक पोरे. हाच वेल दुसऱ्या दिवशी युनगांगच्या दारांच्या चौकटींवर दिसतो. थडगे घडवणारे आणि लेणी घडवणारे कारागीर एकाच परंपरेत वाढलेले होते.

हे कारागीर आले कुठून, याचेही उत्तर इतिहासात आहे. ४३९ साली वेईंनी पश्चिमेचा लियांगचौ प्रांत जिंकला आणि तिथली तीस हजारांवर कुटुंबे पिंगछंगला आणून वसवली. लियांगचौ मध्य आशियाच्या वाटेवर, तिथे लेणी खोदण्याचा सराव आधीपासून होता. पुढे ४४६ साली थाइवू सम्राटाने बौद्ध धर्मावर बंदी घातली, विहार पाडले, मूर्ती फोडल्या. ४५२ साली त्याचा नातू वेनछंग गादीवर आला आणि बंदी उठली. लाकडी विहार जळतात, मातीच्या मूर्ती फुटतात. कड्यात कोरलेला पन्नास फुटी बुद्ध फोडायला फार मेहनत लागते. डोंगर निवडण्यामागे हा ताजा अनुभव असणार, असे आम्हाला वाटते.

दुसरा दिवस: तानयाओची पाच लेणी

युनगांग शहराच्या पश्चिमेला सोळा किलोमीटरवर आहे. रेल्वे स्थानकाजवळून शहर बस मिळते. तिकिटासाठी पासपोर्ट लागतो, आणि गर्दीच्या दिवसांत आदल्या दिवशी मोबाइलवरून वेळ नोंदवून ठेवलेली बरी. दुर्बीण मात्र विसरू नका. इथले निम्मे काम डोळ्यांच्या पातळीच्या फार वर आहे.

लेणी सुमारे एक किलोमीटर लांबीच्या कड्यात ओळीने आहेत: मुख्य ४५, लहानमोठे कोनाडे धरून २५२, मूर्ती ५१ हजार. सगळी दक्षिणेकडे तोंड करून, त्यामुळे उजेड बराच वेळ मिळतो. सकाळचा लोंढा पूर्वेकडच्या पाचव्या-सहाव्या लेण्याकडे वळतो. आपण थेट पश्चिमेला, विसाव्या लेण्यापाशी जावे आणि तिथून उलटे सोळाव्यापर्यंत यावे.

सोळा ते वीस ही पाच लेणी ४६० च्या सुमारास तानयाओ या भिक्षूने सम्राटाकडे मागणी करून सुरू केली. वेईंच्या राजेतिहासात नोंद आहे: पाच लेणी, प्रत्येकात एक बुद्ध, सगळ्यात उंच सत्तर छी, त्याखालोखाल साठ. त्या काळचा एक छी २८ ते ३० सेंटीमीटरचा, म्हणजे सत्तर छी वीस मीटरच्या आसपास. प्रत्यक्षात सर्वांत उंच मूर्ती एकोणिसाव्यात आहे आणि ती सतरा मीटरलाही जरा कमीच भरते. दरबारी नोंदीत आकडे गोल आणि थोडे फुगवून लिहायची रीत सगळीकडे सारखीच. पाच बुद्ध हे पाच सम्राटांचे प्रतीक, हा अर्थ बहुतेक अभ्यासक मान्य करतात. त्याच राजेतिहासानुसार ४५४ साली पाच सम्राटांसाठी सोळा छी उंचीच्या पाच धातूच्या मूर्ती ओतल्या होत्या आणि त्याला अडीच लाख चिन (वजनाचे चिनी माप) तांबे लागले. त्याआधी ४५२ साली सम्राटाच्या अंगलटीची एक दगडी मूर्ती केली, तिच्या चेहऱ्यावर आणि पायांवर नेमके त्याच्या तिळांच्या जागी काळे खडे निघाले म्हणे.

आता कामाचा क्रम. बाहेर उभे राहून पाहिले की प्रत्येक लेण्याला दोन तोंडे दिसतात, खाली दार आणि वर मोठी चौकोनी खिडकी. आधी कड्याचा उतार तासून उभी सपाट भिंत तयार करायची. मग खिडकीच्या जागेवरून आत शिरायचे, छत मोकळे करायचे आणि मूर्तीचे डोके घडवत खाली उतरायचे. फोडलेला दगड खिडकीतून बाहेर लोटायचा. काम छातीच्या खाली आले की राडारोडा खिडकीपर्यंत चढवणे परवडत नाही, म्हणून तळाशी दार फोडायचे. वरून खाली येण्याचा मोठा फायदा म्हणजे उंच परांची लागत नाही, पायाखालचा न फोडलेला दगडच ओटा होतो. तोटा असा की उंचीचा अंदाज आधीच अचूक हवा, वर जे ठरले ते खाली बदलता येत नाही.

तो अंदाज कुठे चुकला तेही दिसते. सतराव्या लेण्यात पायांची तिढी घालून बसलेला मैत्रेय, म्हणजे भावी बुद्ध, आहे, साडेपंधरा मीटरच्या वर. त्याला पायांसाठी दगड पुरला नाही, म्हणून लेण्याची जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा खाली खणावी लागली. आत उतरून जावे लागते आणि मूर्ती खांद्यापासून वर दाटून बसल्यासारखी वाटते.

विसाव्या लेण्याची पुढची भिंत पूर्वीच कोसळली, म्हणून तिथला १३.७ मीटरचा बुद्ध आज उघड्यावर बसलेला दिसतो. मुळात तो चार भिंतींच्या आत होता आणि भक्ताला दारातून आत गेल्यावर मान पूर्ण वर करूनच दिसत असे. भिंत का पडली? एक तर या वालुकाश्मात मऊ चिखलदगडाचे आडवे थर आहेत. त्यातच पाचही लेण्यांचा आराखडा लंबगोल, मूर्तीने बहुतेक जागा व्यापलेली आणि पुढची भिंत खिडकी-दाराने पोखरलेली. भार पेलायला फारसे काही उरत नाही. जवळ जाऊन चीवराच्या घड्या पाहा. खांद्यावरून येणारी घडी कापडासारखी वळत नाही. दगडावर चपट्या पट्ट्या बसवल्या आहेत आणि काठाला नागमोडी वळण आहे. वरच्या ओठावर बारीक मिशी कोरली आहे, ती दुर्बिणीशिवाय सुटते.

अठराव्यात सर्वांत जास्त वेळ द्यावा. साडेपंधरा मीटर उंचीच्या उभ्या बुद्धाच्या चीवरावर शेकडो छोटे बुद्ध कोरलेले आहेत. त्याहून सरस आहेत दोन्ही बाजूंचे शिष्य. त्यांची डोकी भिंतीपासून जवळजवळ सुटी आहेत, म्हातारपणाच्या सुरकुत्या, पुढे आलेली हनुवटी, सगळे ठसठशीत; खाली येता येता अंग उथळ होत भिंतीत विरून जाते. उजेड खिडकीतून फक्त वरच्या भागावर पडतो. जिथे दिसणार तिथेच पाथरवटाने मेहनत खर्च केली आहे.

हे सगळे चालवायला पैसा हवा आणि त्याची तजवीजही तानयाओनेच केली. काही कुटुंबे संघाला जोडून दिली, त्यांनी दरसाल साठ हू (धान्याचे जुने माप) धान्य संघाला द्यायचे. गुन्हेगार आणि सरकारी गुलाम यांची वेगळी कुटुंबे विहारांच्या झाडलोटीला आणि शेतीला लावली. भक्तीच्या इतिहासात हा भाग सहसा झाकून ठेवतात.

एक गोष्ट आपल्या वाचकांसाठी. पिंगछंगच्या कड्यावर हे काम चालू होते त्याच दशकांत वाकाटक हरिषेणाच्या काळात अजिंठ्याचा दुसरा टप्पा खोदला जात होता. दोन्हीकडे वरून खाली उतरण्याची पद्धत एकच. अजिंठ्याचे अपुरे २४ वे लेणे डोळ्यांसमोर आणले की युनगांग समजायला सोपे जाते. फरक दगडाचा. अजिंठ्याचा बसाल्ट कठीण, त्याच्या भिंतींवर मातीचा गिलावा चढवून चित्रे काढली. युनगांगचा वालुकाश्म तुलनेने मऊ, म्हणून कथा थेट दगडातच कोरल्या आणि वरून रंगवल्या.

तिसरा दिवस: मधली लेणी, आणि दगडाचे दुखणे

सातवे-आठवे आणि नववे-दहावे ही जोडलेणी आहेत. आठव्याच्या दाराशी थांबून आतल्या बाजूच्या दोन भिंती नीट पाहा. एकीकडे तीन डोक्यांचा, आठ हातांचा महेश्वर बैलावर बसला आहे, हातांत सूर्य, चंद्र, धनुष्य आणि द्राक्षांचा घोस. समोर पाच डोक्यांचा, सहा हातांचा देव पक्ष्यावर, पक्ष्याच्या चोचीत मोती. या दुसऱ्याला चिनी अभ्यासक कुमार म्हणतात, काही जण विष्णू मानतात. शंकराच्या हातात द्राक्षे पाहून मराठी माणूस चमकतो, पण ही मूर्ती मध्य आशियातून फिरत आली आहे, आणि तो द्राक्षांचाच मुलूख. दोघेही इथे बुद्धाचे द्वारपाल आहेत.

सहावे लेणे हे युनगांगचे सगळ्यात श्रीमंत काम. मधोमध छतापर्यंत भिडणारा सुमारे पंधरा मीटरचा चौकोनी स्तंभ, आणि त्याच्याभोवती व भिंतींवर बुद्धचरित्राचे तीसहून अधिक प्रसंग. प्रदक्षिणा घालतच ते वाचायचे असतात. इथल्या बुद्धांचा पोशाख मात्र बदलला आहे. उघडा खांदा गेला. रुंद बाह्यांचा, छातीशी गाठ मारलेला चिनी दरबारी अंगरखा आला. ४८६ च्या सुमारास दरबारात चिनी पोशाख सुरू झाला त्याचीच ही सावली. पाचव्या आणि सहाव्या लेण्यावरचे लाकडी मजले १६५१ सालचे आहेत. त्यांनी पाऊस-वाऱ्यापासून आतले काम वाचवले, म्हणून इथला रंग टिकला. आत छायाचित्रे काढू देत नाहीत.

अकराव्या लेण्यात पूर्वेच्या भिंतीवर खूप उंचावर ४८३ सालचा लेख आहे. चौपन्न भाविक स्त्री-पुरुषांनी मिळून ९५ मूर्ती करवल्याची नोंद. सम्राटाच्या कामापासून वर्गणीच्या कामापर्यंत ही पंचवीसेक वर्षांची वाटचाल. तिसरे लेणे आकाराने सर्वांत मोठे, पण अपुरे. त्याच्या जमिनीवर दगडाचे ठोकळे सोडवण्यासाठी मारलेल्या चरांच्या खुणा सापडल्या. दगड नुसता फोडून फेकला जात नव्हता, भोवती चर मारून, तळातून सुटा करून, बांधकामाला वापरण्याजोगा काढला जात होता.

दगडाच्या दुखण्याचे पहिले लक्षण जमिनीलगत दिसते. बहुतेक लेण्यांत खालचे दोन-तीन मीटर नक्षी पार झिजलेली आणि वर मात्र ती शाबूत. जमिनीतली ओल दगडात वर चढते, सोबत क्षार आणते, पृष्ठभागाशी पाणी उडून जाते आणि क्षाराचे स्फटिक आतून दगड फोडतात. घराच्या भिंतीला लोणा लागतो तसेच हे. उन्हाळ्यात दमट हवा आत शिरून गार भिंतीवर दव धरते, त्याने हे चक्र पुन्हा चालू होते. त्यात दातोंग कोळशाचे शहर. लेण्यांसमोरून कोळशाचे ट्रक जात, धुळीचा काळा थर मूर्तींच्या खांद्यांवर साचे. १९९८ साली महामार्ग तिथून हटवला.

दुसरे दुखणे माणसाने केलेले. अनेक मूर्तींच्या अंगावर ओळीने गोल भोके दिसतात. ती गोळ्यांची नाहीत. झिजलेल्या मूर्तींवर नंतरच्या काळात मातीचा लेप चढवला, तो धरून राहावा म्हणून भोके पाडून लाकडी खुंट्या ठोकल्या. लेप गळला, खुंट्या कुजल्या, भोके राहिली. १९७३ साली फ्रान्सचे अध्यक्ष पाँपिदू यांना घेऊन चीनचे पंतप्रधान चौ एनलाय इथे आले आणि तीन वर्षांत दुरुस्ती करण्याचे जाहीर केले. तेव्हा भेगांत इपॉक्सी भरले, सुटे झालेले खडक लोखंडी सळयांनी आवळले. त्याने कोसळणे थांबले. क्षारांवर मात्र तो उपाय नव्हता.

चौथा दिवस: ताइयुआन, तियानलोंगशान

दातोंगहून ताइयुआनला रेल्वेने उतरून नैऋत्येच्या डोंगरात जायचे. इथली पंचवीस लेणी युनगांगनंतरची: पूर्व वेई, उत्तर छी, सुई आणि थांग या घराण्यांच्या काळातली. दुसरे-तिसरे लेणे सर्वांत जुने. खरे तर इथे पाहायला उरले आहे ते मूर्ती कशा चोरल्या त्याचे. १९२० च्या दशकात बाजारात मागणी आली ती डोक्यांना. मानेभोवती टाकीने खाच मारायची, मागून भिंतीचा सांधा तोडायचा, डोके पोत्यात. मानेच्या जागी राहिलेले खळगे अजून तीक्ष्ण आहेत, मूळ घडाईच्या खुणा मात्र हवेने मऊ झाल्या आहेत. दोन वेगळे हात असे ओळखता येतात. आठव्या लेण्यातले एक बुद्धमस्तक जपानमधून परत आले आणि २०२१ पासून डोंगरावरच्या संग्रहालयात आहे. जगभर विखुरलेल्या तुकड्यांचे त्रिमितीय मोजमाप शिकागो विद्यापीठाने केले आहे. ते आधी पाहून गेलात तर रिकाम्या भिंती वाचता येतात. अर्धा दिवस पुरतो.

पाचवा दिवस: लोंगमेन

लुओयांगच्या दक्षिणेला बारा-तेरा किलोमीटरवर यी नदी दोन डोंगरांमधून वाहते. पश्चिमेच्या डोंगरावरची लेणी पूर्वेला तोंड करून आहेत, म्हणून ती सकाळी पाहायची. दहानंतर चेहऱ्यांवरची सावली सपाट होते. २,३०० च्या वर लेणी व कोनाडे, सुमारे १ लाख १० हजार मूर्ती, २,८०० लेख.

इथे दगड बदलला आणि सगळे बदलले. हा चुनखडक: घट्ट, बारीक पोताचा, टाकीला कडक. मोठी मूर्ती काढायला वेळ लागतो, पण अक्षर आणि बारीक काठ इथे जसे धरतात तसे वालुकाश्मात धरत नाहीत. म्हणून लोंगमेन हे लेखांचे डोंगर झाले.

गुयांग हे सर्वांत जुने लेणे. ४९३-९४ च्या सुमारास दरबार आला आणि सरदारांनी भिंतीवर मिळेल तिथे कोनाडे कोरून घेतले. आखणी नंतर उरलीच नाही, एकाचा कोनाडा दुसऱ्याच्या छतात घुसलेला दिसतो. ४९५ सालचा लेख युची घराण्यातल्या एका बाईचा, मेलेल्या मुलासाठी मैत्रेयाची मूर्ती करवल्याचा. ४९८ सालचा शिफिंगकुंगचा लेख त्याहून दुर्मीळ: अक्षरे खोदलेली नाहीत, भोवतीचा दगड काढून उठावात ठेवली आहेत, आणि आखलेल्या चौकटींच्या रेषाही तशाच. अशा लेखात एक फटका चुकला की अक्षर गेले, दुरुस्ती नाही. लोंगमेनचे वीस निवडक लेख सुलेखनाच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहेत, त्यांतले एकोणीस याच लेण्यात. कागद दाबून शाईचे ठसे घेण्याची हौस इतकी वाढली की ठशांच्या नादाने काही अक्षरे झिजली. बाहेर विकले जाणारे ठसे प्रतिकृतींवरून घेतलेले असतात, हे लक्षात ठेवून किंमत करावी.

बिनयांगची तीन लेणी म्हणजे सरकारी कामाचा जमाखर्च उघड असलेले दुर्मीळ उदाहरण. इ.स. ५०० मध्ये श्वेनवू सम्राटाने आईवडिलांसाठी दोन लेणी खोदायचा हुकूम दिला, नमुना युनगांगचा. ठरले होते की लेण्याचा माथा जमिनीपासून ३१० छी उंच असेल. पाच वर्षे नुसता डोंगर तासण्यात गेली, तेवीस चांग, म्हणजे पासष्ट मीटरच्या आसपास. वालुकाश्मात जे जमले ते चुनखडकात जमेना. मग अधिकाऱ्याने अर्ज केला: फार उंच आहे, काम संपणार नाही, खाली घ्या. उंची १०० छीवर आली. पुढे दरबारातल्या ल्यू थंग या खोजाने तिसरे लेणे जोडायला लावले. ५२३ पर्यंत मजुरीचे ८,०२,३६६ दिवस खर्ची पडले. हिशेब केला तर तेवीस वर्षे रोज पंचाण्णवच्या आसपास माणसे. आणि पुरे झाले ते एकच, मधले लेणे! दक्षिणेचे पुढे थांग काळात ६४१ च्या सुमारास दुसऱ्याच राजपुत्राने मूर्ती बसवून संपवले.

मधल्या लेण्यात दारालगतच्या भिंतीवर चार पट्टे होते: वर विमलकीर्ती हा विद्वान गृहस्थ आणि मंजुश्री हा बोधिसत्त्व यांचा वाद, मग जातककथा, मग सम्राट व सम्राज्ञी यांच्या मिरवणुका, तळाशी यक्षराज. जातकांत राजपुत्र विश्वंतर आणि वाघिणीला देह देणारा महासत्त्व आहेत. विश्वंतराची कथा अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातही रंगवली आहे. मिरवणुकांच्या जागी आज खरवडलेला दगड आहे. १९३० च्या दशकात त्या तुकड्यातुकड्यांनी काढल्या गेल्या. सम्राटाची न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, सम्राज्ञीची कॅन्सस सिटीला. उथळ उठावाचे शिल्प चुनखडकातून अखंड सुटत नाही, त्यामुळे ती फोडून नेली आणि तिकडे जोडून बसवली.

फंगश्यान लेण्यातला १७.१४ मीटरचा वैरोचन बुद्ध थांगकाळातला, ६७५ मध्ये पुरा झालेला. तिथे सगळेच थांबतात. आम्ही सांगू की त्याच वाटेवरच्या तीन बुद्धांच्या अपुऱ्या कोनाड्यापाशी जास्त थांबा. तोही थांगकाळातलाच, पण काम मध्येच सुटलेले. डोके आणि खांदे यांचे ठोकळे निघाले आहेत, चेहरे नाहीत. पृष्ठभागावर तिरप्या समांतर टाक्यांच्या ओळी. आधी आकाराचे ढोबळ ठोकळे, मग डोक्याची गोलाई, मग धडाच्या पातळ्या, घड्या शेवटी, हा क्रम इथे कुणी न सांगता दिसतो.

सहावा दिवस: गोंगशियान

लुओयांगहून पूर्वेला गोंगयी (जुने नाव गोंगशियान) गावी जायचे. लेणी पाचच, पर्यटक तुरळक, तास-दोन तास निवांत मिळतात. यीलुओ नदीच्या काठचा हा वालुकाश्म, काम सहाव्या शतकाच्या सुरुवातीचे. बिनयांगच्या मिरवणुका कशा असतील ते पाहायचे असेल तर जागा हीच. पहिल्या लेण्यात दारातून आत शिरून मागे वळा. दाराच्या दोन्ही बाजूंना तीन तीन रांगा, एकीकडे सम्राटाची, दुसरीकडे सम्राज्ञीची. पुढे भिक्षू वाट दाखवतो, मागे छत्र आणि पंखे धरलेले सेवक. सेवक मुद्दाम बुटके कोरले आहेत आणि छत्रांच्या दांड्या तिरप्या, त्यामुळे रांग पुढे सरकते आहे असे वाटते. घड्या सरळ धारेच्या टाकीने पायऱ्या पाडल्यागत कापल्या आहेत. बोट फिरवले तर धार लागेल इतक्या ताठ. (बोट फिरवू नये.) मधल्या स्तंभाभोवती फिरताना भिंतींच्या तळाशी वादक आणि यक्षराज दिसतात, छताच्या चौकटींत उडणाऱ्या अप्सरा.

नदी जवळ असल्याने पुराच्या गाळात खालचा भाग दीर्घकाळ गाडलेला होता. तिथला दगड भुसभुशीत झाला आहे आणि लोणा लागल्याची पांढरी रेघ स्पष्ट दिसते. ५२८ साली वेई राज्याचा कारभार पाहणारी राजमाता हू हिला पीत नदीत बुडवले गेले, ५३४ मध्ये वेई राज्य दुभंगले; मोठ्या दात्यांचा हात आखडला. त्यानंतर बाहेरच्या भिंतीवर जे कोनाडे आले ते लहान, आणि पुढच्या काळातल्या साध्या भाविकांनी करवलेले.

वेळ कमी असेल तर तियानलोंगशान गाळावे, गोंगशियान गाळू नये. दगड समजून घ्यायला युनगांगला दोन दिवस लागतातच, लोंगमेनला एक पूर्ण दिवस पुरतो. पावसाळ्याच्या महिन्यांत लुओयांगकडे यी नदीला पाणी चढले की काठची वाट बंद करतात, तेव्हा एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. दातोंगला मात्र ऑक्टोबरातही सकाळी चांगलीच थंडी असते.